अफानासी निकितिनचा जुन्नरातील मुक्काम



काही काळ परदेशी राहून परत येणे ही गोष्ट आता आपल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत नवलाची राहिलेली नाही. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव अशा गावांतील मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूरदेशी जातात, वर्ष-दोन वर्षे राहतात आणि तेथील हकीकत घरी कळवतात. ती हकीकत बहुधा एकाच साच्याची असते. राहायला खोली कोठे मिळाली, जेवणाचे काय केले, तेथील पाऊस कसा, थंडी कशी, लोक आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, जवळचा पैसा किती दिवस पुरेल. आणि अडीअडचणीला धावून येईल असे कोणी तेथे भेटले की नाही. घरची माणसे बाकीच्या गोष्टी कौतुकाने ऐकतात. परंतु त्यांचे खरे लक्ष असते ते या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे.

आज मी आपल्यापुढे अशीच एक हकीकत ठेवणार आहे. फरक इतकाच, की ती साडेपाचशे वर्षांपूर्वीची आहे आणि तीतले परके शहर म्हणजे आपले जुन्नर आहे. परका माणूस होता रशियातील त्वेर शहराचा एक व्यापारी, अफानासी निकितिन. ऐन पावसाळ्यात तो दोन महिने जुन्नरात राहिला, आणि जे पाहिले, जे सोसले, ते त्याने आपल्या वहीत टिपून ठेवले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या पाव शतक आधीची ही गोष्ट आहे. निकितिनच्या पाठीशी राजा नव्हता, आरमार नव्हते, की धर्मपीठ नव्हते. तो एकटा होता आणि त्याच्याजवळ एक घोडा होता.

त्याच्या प्रवासाच्या कालाविषयी दोन मते आहेत. जुने अभ्यासक त्याचा हिंदुस्थानातील मुक्काम १४६९ ते १४७२ असा धरीत. अलीकडचे अभ्यासक त्याने उल्लेखिलेल्या सणांच्या तारखा ताडून तो १४७१ ते १४७४ असा धरतात. परतीच्या वाटेवर, मायदेशाच्या उंबरठ्याशी, स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि १४७५ च्या सुमारास त्या तेथील इतिवृत्तात उतरवून घेतल्या गेल्या. पुढे तीनशेहून अधिक वर्षे त्या जवळजवळ विस्मृतीतच होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या रशियन इतिहासकाराला एका मठातील ग्रंथसंग्रहात त्यांची प्रत सापडली आणि १८५७ साली लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने त्यांचे इंग्रजी भाषांतर छापले. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ असे त्या वृत्तांताचे नाव आहे. आपल्यापैकी काहींना १९५७ सालचा ‘परदेसी’ हा चित्रपट आठवत असेल. तो याच माणसावर बेतलेला होता.

निकितिन निघाला तो काही हिंदुस्थानासाठी नव्हे. व्होल्गा नदीने खाली उतरून कास्पियन समुद्राकाठच्या शिरवान प्रांतात माल विकावा आणि परतावे, एवढाच त्याचा बेत होता. आस्त्राखानजवळ तातारांनी नावा लुटल्या. माल गेला, आणि मालाबरोबर त्याच्या धर्माच्या पोथ्याही गेल्या. शिरवानच्या राजाकडे सोबत्यांनी मदत मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा ज्यांचे गावी काही शिल्लक होते ते परत फिरले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते दिसेल त्या वाटेने चालू लागले, असे तो लिहितो. तो स्वतः परत न फिरणाऱ्यांतला. बाकू, मग इराणातील शहरामागून शहर, असे करीत तो होर्मुझ बंदराला आला. तेथे त्याने एक उमदा घोडा जहाजावर चढवला आणि मस्कत, गुजरात, खंबायत अशा मार्गाने तो आपल्या चौलला उतरला.

घोडाच का, हे सांगायला हवे. दख्खनच्या हवेत उत्तम लढाऊ घोडा निपजत नाही, असा त्या काळी समज होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. पुढे भीमेच्या काठी भीमथडीची तट्टे नावारूपाला आली, परंतु ती नंतरची गोष्ट. बहामनी आणि विजयनगर ही दोन्ही राज्ये अरबी व इराणी घोड्यांसाठी समुद्राकडे डोळे लावून बसलेली असत. दरवर्षी जहाजे भरून घोडे कोकणच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून वर येत. निकितिनने हिशेब लिहून ठेवला आहे, की हा घोडा जुन्नरापर्यंत आणण्यास त्याला शंभर रूबल पडले. लुटल्या गेलेल्या, कर्जात असलेल्या माणसाचे ते सारे भांडवल होते. घोडा विकला गेला तर कर्ज फिटेल आणि घरी तोंड दाखवता येईल. घोडा गेला तर सर्वच गेले. जुन्नरच्या हकीकतीत पुढे जे घडले त्याचे मोल कळण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

चौलला उतरल्यावर पहिला अनुभव आला तो लोकांच्या नजरेचा. तो जाईल तेथे माणसांचा घोळका मागे. गोऱ्या कातडीचा माणूस पाहून लोक थक्क होत. तोही त्यांच्याकडे तितक्याच आश्चर्याने पाहत होता. माणसे उघड्या अंगाने हिंडतात, डोकी झाकीत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, याचे त्याला नवल वाटले. चौलहून पायवाटेने तो डोंगराच्या पायथ्याशी पालीला आला, तेथून उम्री आणि तेथून जुन्नर. चौल सोडल्यापासून जुन्नरला पोहोचेपर्यंत साडेतीन आठवडे लागले. कोणता घाट चढला त्याचे नाव त्याने दिलेले नाही. एका मौल्यवान घोड्याला सांभाळीत सह्याद्री चढणे म्हणजे काय, हे नाणेघाट पायी चढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

श्रोतेहो, परदेशी माणूस जुन्नरला नवा नव्हता. आपल्या गावाभोवतालच्या लेण्यांत जे शिलालेख आहेत त्यांत तीन दाते स्वतःला यवन म्हणवतात. सातवाहनांच्या काळात पश्चिमेकडून आलेल्या परकीयांना हा शब्द लावीत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे काम करविले. एका लेखात आडुथुम नावाच्या शकाने जमीन दान दिल्याचे नमूद आहे. ही माणसे येथे आली, व्यापारात कमावती झाली आणि कमाईतला काही भाग त्यांनी येथल्याच डोंगरात पाण्यासाठी व अन्नासाठी खर्च केला. परका माणूस गावात रुजल्याची याहून चांगली खूण दुसरी कोणती असणार?

निकितिन आला तेव्हाचे जुन्नर मात्र निराळे होते. ते बिदरच्या बहामनी सुलतानांचे ठाणे होते. गादीवर तिसरा महंमदशहा होता आणि राज्याचा गाडा हाकीत होता वजीर महमूद गवान. तोही परदेशीच. इराणातील गिलान प्रांतातून १४५३ साली तो व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ही पदवी मिळवून राज्याचा कर्ताधर्ता झाला. निकितिन त्याला याच पदवीने ओळखतो. १४६९ ते १४७२ या वर्षांत गवानाची कोकणातील मोहीम चालू होती. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर आणि शेवटी गोवा ही त्याची लक्ष्ये होती. कालनिर्णयाचे कोणतेही मत घेतले तरी निकितिनचा जुन्नर-मुक्काम याच लढाईच्या वर्षांत पडतो. जुन्नरचा अधिकारी होता असदखान. त्याच्या हाताखाली सत्तर हजार लोक आहेत असे निकितिनने ऐकले. हत्ती पुष्कळ, घोडे पुष्कळ, आणि तरीही खान माणसांच्या खांद्यावरून फिरतो, असे त्याने टिपले आहे.

या राज्यात परदेशी माणसाला काय म्हणत? एक शब्द होता ‘आफाकी’ आणि दुसरा होता ‘गरीब’. आपण आज मराठीत दरिद्री माणसाला गरीब म्हणतो. परंतु मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ परका, परमुलखातला, असा आहे. परक्या गावात माणूस परका असला की तो आपोआप दुबळाही होतो, म्हणूनच की काय, आपल्या भाषेत त्या शब्दाचा दुसरा अर्थ रूढ झाला. बहामनी राज्यातले ‘गरीब’ मात्र पुष्कळदा श्रीमंत आणि सत्ताधारी असत. खोरासान, गिलान, इराक येथून आलेले सरदार एका बाजूला आणि दख्खनी सरदार दुसऱ्या बाजूला, असा तेथे कायमचा तेढा होता. निकितिन येण्यापूर्वी काही वर्षे कोकणातल्या पराभवातून वाचलेले परदेशी सैनिक येथून जवळच चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले. त्यांच्यावर फितुरीचा खोटा आळ घेऊन त्यांना अभयाचे वचन देण्यात आले आणि मग कापून काढण्यात आले, ही हकीकत फिरिश्त्याने सांगितली आहे. तेव्हा पद आणि पैसा असलेल्या परक्याचीही मान सदैव सुरक्षित नव्हती. मग ज्याच्याजवळ पदही नाही आणि पैसाही नाही, त्याची काय कथा?

आता त्याच्या जुन्नरातल्या दिवसांकडे वळू. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी ख्रिस्ती लोकांचा ट्रिनिटीचा सण येतो, म्हणजे मेअखेर किंवा जूनच्या सुमारास. त्या दिवसापासून येथे हिवाळा सुरू झाला, असे निकितिन लिहितो. वाचणारा क्षणभर थबकतो. जूनमध्ये जुन्नरला हिवाळा कसला? तो सांगतो आहे तो आपला पावसाळा. परदेशात गेलेला माणूस तेथल्या ऋतूलाही घरच्याच नावाने हाक मारतो. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, एवढेच त्याचे वर्णन आहे. परंतु कुकडीच्या काठी ज्याने आषाढ काढला आहे त्याला ते पुरेसे आहे.

शेतीबद्दल तो लिहितो, की याच दिवसांत लोक नांगरतात आणि गहू, भात, हरभरा, सर्व काही पेरतात. आपले शेतकरी बंधू हे ऐकून हसतील. पश्चिमेकडच्या मावळात भात पावसाळ्यात लागतो हे खरे, परंतु गहू-हरभरा हे रब्बीचे पीक. बाजारात जी धान्ये दिसली ती सर्व त्याने एकाच हंगामात घातली. चिखलात पाय रुतलेला उतारू खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच पाहतो. ही चूक असूनही मला ती मोलाची वाटते, कारण माणूस खरोखर येथे बसून लिहीत होता याची ती साक्ष आहे.

त्याची नजर पुन्हापुन्हा घोड्याकडे वळते. येथे घोड्यांना हरभरा घालतात, खिचडी शिजवून तीत साखर आणि तूप घालून भरवतात, असे त्याने लिहिले आहे. खिचडी हा शब्द त्याने आपल्या रशियन लिपीत जवळजवळ तसाच उतरवून घेतला. शंभर रूबलांच्या जनावराला खिचडी भरवीत पावसाळा काढायचा म्हणजे दर दिवशी गाठीचा पैसा सुटत राहणार. रस्ते बंद, गिऱ्हाईक नाही, आणि घोड्याची भूक काही थांबत नाही. परदेशात अडकून पडलेल्या माणसाचा जमाखर्च असाच असतो.

मुक्कामाची सोय कशी होती? परदेशी व्यापाऱ्यांसाठी उतारूंची घरे असत. तेथली यजमानीण स्वयंपाक करून वाढी आणि अंथरूण घाली. लोकांचा पावसाळी पोशाख त्याने पाहिला: एक वस्त्र कमरेला, एक खांद्यावर आणि एक डोक्याला. नगराचे वर्णन करताना तो म्हणतो, की ते खडकावर वसले आहे, तो खडक माणसाने रचलेला नाही, देवाने घडवलेला आहे. आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद, की एका वेळी एकच माणूस चढू शकतो. ही ओळ वाचताना जुन्नरकराच्या डोळ्यांपुढे शिवनेरी उभा राहिल्याशिवाय राहत नाही. ज्या गडावर पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी शिवछत्रपतींचा जन्म झाला, त्याच्या परिसराचे परदेशी माणसाने केलेले हे एक फार जुने वर्णन होय.

म्हणजे छप्पर मिळाले, जेवण मिळाले, घोड्याला चारा मिळाला. परक्या शहरात रुळण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक सर्व झाल्या. राहिली एक गोष्ट, ती म्हणजे नाव. मुसलमानी मुलखात तो ‘ख्वाजा युसुफ खोरासानी’ या नावाने वावरत असे. खोरासानी माणसाला या राज्यात मान होता, आणि असे नाव घेतले की चौकशी कमी होई, जकातीचे ओझेही हलके होई. जगात सर्वत्र परके लोक असे करीत आले आहेत. उच्चाराला सोपे नाव, ओळखीचा पोशाख, तेथल्या भाषेतले चार शब्द, यांच्या आडोशाने माणूस राहतो. परंतु हा आडोसा दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असतो.

तो जुन्नरात कोसळला. असदखानाला कळले, की हा युसुफ खोरासानी नव्हे, मुसलमानही नव्हे, हा रशियन आहे. खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि निरोप दिला: आमच्या धर्मात ये, तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार मोहरा मिळतील, न आलास, तर घोडाही जाईल आणि तुझ्या डोक्यावर हजार मोहरांचा दंडही बसेल. मुदत दिली चार दिवसांची.

या चार दिवसांचा विचार करून पाहा. समुद्रापलीकडचा माणूस, पोथ्या आधीच लुटल्या गेलेल्या, त्याच्या धर्माचा दुसरा मनुष्य शेकडो कोसांत नाही. त्याने होकार दिला असता तर त्वेर शहरात कोणालाही पत्ता लागला नसता. उलट कर्ज फिटले असते आणि वर संपत्ती मिळाली असती. नकार दिला तर घोडा, पैसा आणि कदाचित प्राणही जाणार. आणि हे सारे ऑगस्टच्या आरंभी, त्याच्या उपासाच्या दिवसांत. लोभ आणि भय असे दोन्ही बाजूंनी आलेले असताना हा माणूस खानाच्या दारी गेला नाही. तो वाट पाहत राहिला, आणि दंडाची रक्कम तर त्याच्याजवळ नव्हतीच.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरात आला. त्याच्या पदवीचा अर्थ कोणी ख्वाजा असा घेतात, कोणी खजिनदार असा घेतात; मोठा वजनदार माणूस होता हे निश्चित. निकितिनने त्याच्याकडे जाऊन आपली हकीकत सांगितली आणि रदबदली करण्याची विनंती केली. महंमद स्वतः खानाकडे गेला. या माणसाला बाटवू नये असे त्याने सांगितले, आणि घोडाही सोडवून आणला. निकितिनने हा देवाचा चमत्कार मानला आहे.

देवाचा चमत्कार असेलही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात माणसाचे काम दिसते. ज्याने घोडा घेतला तो मुसलमान होता आणि ज्याने सोडवला तोही मुसलमानच होता, ही गोष्ट विसरून या प्रसंगाचा अर्थ लावता येणार नाही. खानाच्या मनात धर्माचा आग्रह किती आणि लढाईच्या दिवसांतल्या चांगल्या घोड्याचा लोभ किती, याची वाटणी करणे आज कठीण आहे. महंमदाला मात्र या प्रकरणात काही मिळायचे नव्हते. निकितिन त्याचा नातलग नव्हता, धर्मबंधू नव्हता, देशबंधूही नव्हता. उलट तो खोरासानी म्हणून खोटाच मिरवत आला होता. मग त्याने शब्द का टाकला? माझे अनुमान असे, की तो स्वतः परमुलखातून आलेला ‘गरीब’ होता. परक्या शहरात एकटे पडणे म्हणजे काय, ते त्याला ठाऊक असले पाहिजे.

आज मला सांगायचे आहे ते एवढ्यासाठीच. परक्या शहरात माणूस स्थिरावतो तो छप्पर आणि जेवण मिळाले म्हणून, असे आपण समजतो. जुन्नरात निकितिनला छप्पर, जेवण, चारा, सर्व मिळाले होते, आणि तरीही चार दिवसांच्या मुदतीपुढे ते सर्व फोल ठरले. आपली अडचण ज्याच्यापुढे मांडता येईल आणि जो आपल्यासाठी अधिकाऱ्याच्या दारी जाईल असा एक माणूस जोवर मिळत नाही, तोवर परक्याचा मुक्काम हा वाऱ्यावरचा मुक्काम असतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्टच्या सणाला जुन्नर सोडून निकितिन बिदरला गेला. वाटेला महिना लागला. घोडा त्याने बिदरला विकला, परंतु वर्षभराच्या खुराकीने नफा फारसा उरला नाही. जुन्नरच्या प्रसंगाने त्याचे मन कडवट झाले होते. ज्याला हिंदुस्थानात जायचे असेल त्याने आपला धर्म रशियातच ठेवून जावे, असा उद्वेगाचा सल्ला त्याने आपल्या बांधवांना लिहून ठेवला. येथे आमच्या देशाच्या उपयोगाचा माल नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे फार, अशी तक्रारही आहे.

बिदरला मात्र त्याने एक निराळी गोष्ट केली. तेथल्या हिंदू लोकांशी ओळख झाल्यावर त्याने स्वतःच त्यांना सांगून टाकले, की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, आणि माझे खरे नाव अफानासी. तेव्हापासून त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा, घरातली माणसे, सर्व त्याला पाहू दिले. शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. जुन्नरात नाव उघडे पडले तेव्हा घोडा गेला होता. बिदरात त्याने आपण होऊन नाव सांगितले तेव्हा घरांची दारे उघडली.

आणखी एक दुःख त्याला शेवटपर्यंत सलत राहिले. पोथ्या नसल्यामुळे सणवारांचा हिशेब चुकला. ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेना. मग तो मुसलमानांच्या रमजानाबरोबर उपास धरू लागला. त्याच्या वहीत तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळत गेले आणि अखेरची प्रार्थना तर अरबी वळणाचीच आहे. त्यावरून तो शेवटी बाटला असावा की काय, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. परंतु त्याच वहीत एका ठिकाणी तुर्की भाषेत त्याने आपल्या मायभूमीसाठी देवाकडे मागणे केले आहे: तिच्यासारखा देश जगात नाही, पण तेथले सरदार न्यायी नाहीत, तेथे न्याय नांदो. हे त्याने रशियन भाषेत लिहिले नाही. दूरदेशी राहिलेल्या माणसाला परका मुलूख तर दिसतोच, पण आपला मुलूखही लांबून स्पष्ट दिसू लागतो. दख्खनेत खेड्यातले लोक फार दरिद्री आणि सरदार फार ऐश्वर्यात, हे त्याने बिदरला टिपले. आपल्या देशातला अन्यायही याच नजरेने त्याला दिसला असावा.

या कथेतल्या इतर परक्यांचे पुढे काय झाले? इरिल आणि चिट यांची नावे आजही दगडात आहेत. महमूद गवानाने बिदरला मोठा मदरसा बांधला, राज्याची घडी बसवली. आणि १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे, दख्खनी सरदारांच्या कारस्थानाने, त्याचा शिरच्छेद झाला. ज्याच्या नावाने शेकडो परदेशी दख्खनेत निर्धास्त राहत, त्याच्यासाठी त्या दिवशी शब्द टाकणारा कोणी निघाला नाही. निकितिनचा पुतळा १९५५ पासून त्वेर शहरात व्होल्गेच्या काठी उभा आहे. जुन्नरातल्या त्या महंमदाचा मात्र कोठे दगड नाही, पुतळा नाही. त्याचे एक काम तेवढे एका रशियन वहीत नोंदलेले राहिले.

बंधुभगिनींनो, आपल्या तालुक्यांना ही गोष्ट दोन्ही अंगांनी लागू आहे. आपली माणसे पिढ्यान् पिढ्या परगावी जाऊन राहिली. मुंबईचे डबेवाले बहुतांशी खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ याच भागांतले. गावाकडून निघालेल्या पोराला मुंबईत पहिली रात्र गावकऱ्यांच्या खोलीत काढायला मिळे आणि कोणी तरी जाणता माणूस त्याच्यासाठी मुकादमाकडे शब्द टाकी. एवढ्या बळावर तो त्या अफाट शहरात उभा राहिला. आता मुले समुद्रापलीकडे जातात, तेथेही त्यांना कोणी तरी महंमद भेटत असेल, निदान भेटावा, अशी आपली इच्छा असते.

आणि दुसरीकडे, परकी माणसे आपल्याकडेही येतच आहेत. नारायणगावच्या बाजारात हंगामापुरते बाहेरचे व्यापारी उतरतात. द्राक्षमळ्यांत आणि बांधकामांवर दूरदूरची माणसे राबतात. खोडदच्या रानात ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. त्या दुर्बिणीवर काम करण्यासाठी देशोदेशीचे शास्त्रज्ञ येऊन थोडे दिवस राहून जातात. यांतील प्रत्येक जण आपल्या घरी आपल्या गावाविषयी काही ना काही कळवत असणार. पाऊस फार, चिखल फार, खिचडी बरी, असे काही. आपल्याकडून खोलीचे भाडे घेतले गेले आणि जेवण वाढले गेले एवढ्याने आपण त्यांचे यजमान झालो असे नाही. त्यांच्यापैकी एखाद्याचा घोडा कोणी अन्यायाने ओढून नेला, कोणाची मजुरी बुडवली, कोणावर खोटा आळ आला, तर त्याच्या बाजूने चार पावले चालत जाणारा माणूस आपल्या गावात आहे काय, हा खरा प्रश्न आहे. साडेपाचशे वर्षांपूर्वी, ऐन पावसात, या शहरात असा एक माणूस निघाला होता.